नवा टॅब: पहिल्या आठवड्यात काय तपासायचं आणि काय सोडून द्यायचं

नवा टॅब पहिल्या दिवशी अडखळला, गरम झाला किंवा त्याची बॅटरी दुपारपर्यंत निम्म्यावर आली, की लोक लगेच दुकानदाराला फोन लावतात. पण स्क्रीनच्या कडेने उजेड गळत असेल किंवा सिनेमा धूसर दिसत असेल, तर 'असेल असंच' म्हणून सोडून देतात. व्हायला हवं नेमकं उलटं. पहिल्या तक्रारी तीन-चार दिवसांत बहुतेक आपोआप जातात. दुसऱ्या आपोआप जात नाहीत, आणि तोवर टॅब बदलून मिळण्याची मुदत संपलेली असते.

ऑनलाइन खरेदीत ही मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते. नाशिकच्या एम.जी. रोडवरच्या दुकानातून घेतला असेल तर दुकानदार सहसा थेट परत घेत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून 'डीओए' लिहून आणा, म्हणजे वस्तू मुळातच खराब आली होती असा कागद आणा, मग बदलून देतो, असं तो सांगतो. त्या कागदाचीही मुदत थोड्याच दिवसांची असते. ती किती, हे पैसे मोजण्याआधी विचारा आणि जमल्यास बिलावर लिहून घ्या.

पुढचं सगळं दहा ते पंचवीस हजारांच्या अँड्रॉइड टॅबला धरून आहे, कारण खरी कुतरओढ याच किमतीत होते. पन्नास हजारांच्या टॅबमध्ये यातले निम्मे प्रश्न येतच नाहीत.

काच चिकटवण्याआधीचा अर्धा तास

टॅब घेतला की दुकानातला पोऱ्या लगेच टेम्पर्ड ग्लास लावायला बसतो. त्याला थांबवा. काच एकदा चिकटली की टचमधला दोष टॅबचा की काचेचा, हा वाद सुरू होतो. शिवाय नव्या मॉडेलची काच बाजारात यायला वेळ लागतो, आणि तोवर 'याच मापाची आहे' म्हणून दुसऱ्याच मॉडेलची लावून मिळते. तिचं कॅमेऱ्याचं भोक एक-दोन मिलिमीटरने सरकलेलं असतं.

खोकं फोडताना सीलपासून टॅब सुरू होईपर्यंतचा एकसलग व्हिडिओ घ्या. खोक्यावरच्या लेबलवर निर्मितीचा महिना-वर्ष, एमआरपी, सिरियल नंबर आणि भारतीय मानकाच्या क्रमांकाशेजारी (बहुधा आयएस १३२५२) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तपासता येतो. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि सेटिंग्जमधल्या 'टॅबलेटविषयी'मधला नंबर एकच हवा. तोच नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. वॉरंटी आजपासून सुरू झालेली दिसली तर ठीक. तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली तर टॅब आधी कुणीतरी वापरलेला, डेमोला ठेवलेला किंवा परत आलेला असण्याची शक्यता मोठी. सिमवाल्या टॅबचा आयएमईआय नंबरही तपासता येतो. 'केवायएम', मग जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा इंग्रजीत एसएमएस १४४२२ वर पाठवायचा.

आता स्क्रीन. यूट्यूबवर डेड पिक्सेल तपासायचे व्हिडिओ आहेत. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग एकेक करून पूर्ण स्क्रीनवर येतात. प्रत्येक रंगात न हलणारा ठिपका दिसतो का ते बघा. काळा रंग मात्र अंधाऱ्या खोलीत, ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघायचा. एलसीडी स्क्रीन कधीच पूर्ण काळी होत नाही, राखाडी झाक राहणारच. दोष कशाला म्हणायचं? एखाद्या कोपऱ्यातून किंवा कडेने उजेडाचा पट्टा ठळकपणे आत सरकलेला दिसला, त्याला. डोकं थोडं हलवल्यावर तो पट्टा कमी-जास्त झाला तर ती पॅनेलची जातच. जागचा हलला नाही तर गळती.

टचसाठी बाहेरचं ॲप लागत नाही. 'टॅबलेटविषयी'मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा. डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात 'पॉइंटर स्थान' सुरू केलं की बोट फिरेल तशी स्क्रीनवर रेघ उमटते. बोट सावकाश, डावीकडून उजवीकडे, दोन बोटांच्या अंतराने वरपासून खालपर्यंत फिरवा. रेघ सरळ जायला हवी. एखाद्या पट्ट्यात ती तुटली किंवा दातेरी झाली, तर त्या जागी टच मेलेला आहे. मग चार्जर लावून हेच पुन्हा करा. चार्जिंगला असताना रेघ थरथरते किंवा बोट न लावता टिंब उमटतात, अशी तक्रार बरेचदा येते. तिचं कारण बहुधा टॅब नसतो. हलका चार्जर किंवा घरातलं कच्चं अर्थिंग, हे खरे गुन्हेगार. खोक्यातल्या चार्जरवर, दुसऱ्या घरातल्या सॉकेटवरही तेच झालं तरच टॅबला दोष द्या.

उरलेलं पटकन उरकायचं. सगळ्या स्पीकरमधून आवाज येतो का (गाणं लावून एकेक जाळी बोटाने झाका), माइकवर बोललेलं स्वच्छ ऐकू येतं का, चुंबकाचं कव्हर मिटल्यावर स्क्रीन बंद होते का, टॅब आडवा-उभा केला की चित्र फिरतं का. आणि मागच्या कॅमेऱ्याने एका छापील पानाचा फोटो घ्या. स्वस्त टॅबमध्ये कधी कधी ऑटोफोकस नसतो आणि जवळचा मजकूर फुसकट येतो. प्रवेशाचे फॉर्म, मार्कशीट स्कॅन करायला टॅब घेतला असेल तर हे आत्ताच कळलेलं बरं.

पहिले तीन दिवस मत बनवू नका

सुरू केल्याबरोबर टॅब स्वतःच्या कामाला लागलेला असतो. प्ले स्टोअर आधीपासून भरलेल्या वीस-तीस ॲप्सचे अपडेट आणतं, कंपनीचं सिस्टिम अपडेट उतरतं, गूगल फोटोज जुने फोटो खाली ओढतं. शिवाय अँड्रॉइड प्रत्येक ॲपचा कोड या प्रोसेसरसाठी तयार करून ठेवतं. हे काम मुख्यतः टॅब चार्जिंगला लावलेला आणि नुसता पडलेला असताना होतं. म्हणून पहिल्या दोन रात्री वाय-फाय चालू ठेवून टॅब चार्जरला लावा आणि हात लावू नका. दिवसभर वापरून रात्री बंद करून ठेवला, तर हे काम दिवसेंदिवस रेंगाळतं आणि टॅब आठवडाभर मंदच वाटतो. आयपॅडचंही असंच आहे. फोटो ओळखण्याचं आणि शोधाची यादी बनवण्याचं काम तो चार्जिंगला आणि लॉक असतानाच उरकतो.

या काळात एक मोह टाळा. 'जुन्या फोनमधलं सगळं कॉपी करू का?' असा प्रश्न आला की बहुतेक जण होकार देतात. फोनमधली शंभरेक ॲप्स मग टॅबवर येऊन बसतात. त्यातली काही सिमशिवाय चालत नाहीत, बाकीची मागे नोटिफिकेशन तपासत राहतात. नवा टॅब म्हणून सुरू करा आणि रोज लागतील तीच दहा-बारा ॲप्स टाका. लॉक स्क्रीनवर जाहिराती-बातम्या दाखवणारी सोय आणि ॲप सुचवणारा फोल्डर दोन्ही बंद करा. नको ती ॲप्स काढता आली नाहीत तर निष्क्रिय करा.

स्टोरेज: खोक्यावर न लिहिलेली गोष्ट

टॅब मंद का, याचं उत्तर लोक रॅममध्ये आणि प्रोसेसरमध्ये शोधतात. या किमतीत ते बहुतेकदा स्टोरेजच्या जातीत असतं. खोक्यावर '१२८ जीबी' एवढंच असतं. आत ईएमएमसी ही मंद जात आहे की यूएफएस ही वेगवान, हे जाहिरातीत ठळक सांगितलं जातं ते फक्त यूएफएस असेल तेव्हा. जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे ईएमएमसी धरून चाला.

फरक नुसत्या वेगाचा नाही. ईएमएमसी ५.१ वाचताना सेकंदाला साधारण २५० ते ३०० एमबी देते, तर यूएफएस २.२ तिच्या दुप्पट-तिप्पट. पण खरी अडचण वेगळी आहे. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते. अरुंद घाटात एका बाजूची वाहतूक थांबवून दुसरी सोडतात, तसं. म्हणून मागे प्ले स्टोअर एखादं ॲप बसवत असलं की पुढे व्हॉट्सॲपची चॅट उघडायलाही दोन-तीन सेकंद लागतात. यूएफएसमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतं.

हे घरी तपासायची सोपी रीत आहे. प्ले स्टोअरवरून एक-दीड जीबीचा एखादा गेम उतरवायला लावा. तो 'इन्स्टॉल होत आहे' वर आला की लगेच क्रोम, गॅलरी आणि पीडीएफ वाचायचं ॲप आलटून पालटून उघडा. बोट फिरवल्यावर पान जागीच चिकटलं, कीबोर्ड उशिरा वर आला, तर स्टोरेज मंद आहे. आकडे हवेच असतील तर 'सीपीडीटी' नावाचं ॲप वाचण्या-लिहिण्याचा वेग मोजून देतं. त्यात 'रँडम राइट'चा आकडा बघा. रोजच्या वापरात जाणवतो तो हाच.

मंद स्टोरेज हा दोष नाही, म्हणून टॅब परत जात नाही. पण त्याला सांभाळून घेता येतं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये आपोआप अपडेट बंद करून ते रात्री स्वतः लावा. स्टोरेज ८५ टक्क्यांच्या वर भरू देऊ नका, कारण मोकळे ब्लॉक कमी झाले की लिहिण्याचा वेग घसरतो. ६४ जीबीच्या टॅबमध्ये सिस्टिमच पंधरा-वीस जीबी खाते, हाती चाळीस-पंचेचाळीस उरतात, त्यामुळे ही मर्यादा लवकर येते. सिनेमे आणि लेक्चर मेमरी कार्डावर टाका. ॲप्स मात्र बहुतेक टॅबमध्ये कार्डावर जात नाहीत. कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. टॅबमध्ये एक्सफॅट चालत असेल तर त्यात फॉरमॅट करून घ्या.

रॅम आणि 'वाढीव रॅम'

'४ जीबी + ४ जीबी' असं लिहिलेलं असतं त्यातले दुसरे चार जीबी स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. मागे टाकलेली ॲप्स तिथे ठेवली जातात. यूएफएस असेल तर त्याचा थोडा उपयोग होतो. ईएमएमसी असेल तर आधीच अडलेल्या स्टोरेजवर आणखी भार पडतो. दोन दिवस चालू ठेवून आणि दोन दिवस बंद करून बघा. बदल टॅब रीस्टार्ट केल्यावरच लागू होतो. ४ जीबी आणि ईएमएमसी अशा जोडीत तो बंद किंवा कमीत कमी ठेवलेला जास्त गुळगुळीत चालतो, असा सर्वसाधारण कल आहे.

रॅम पुरते का, याची चाचणी आपल्याच कामाची हवी. क्रोममध्ये पाच टॅब उघडा, एकात अर्धवट भरलेला फॉर्म ठेवा. मग एक जाडजूड पीडीएफ, मग यूट्यूब पाच मिनिटं, मग मीट किंवा झूम. आता क्रोमवर परत या. फॉर्म होता तसाच मिळाला तर उत्तम. पान पहिल्यापासून लोड होऊन भरलेलं पुसलं गेलं, तर रॅम तुमच्या कामाला बहुधा अपुरी आहे, आणि ती खरंच अपुरी असेल तर ते कुठल्याच सेटिंगने सुटत नाही. ४ जीबीवर असं होणं नवल नाही. ६ जीबीवर झालं तर आधी सेटिंग्जमधला बॅटरी सेव्हर तपासा. काही कंपन्या बॅटरी वाचवण्यासाठी मागची ॲप्स ठार मारतात. त्या ॲपच्या बॅटरी पर्यायात 'निर्बंध नाही' निवडलं की फरक पडतो.

अंटुटू, गीकबेंच वगैरे वेग मोजणाऱ्या ॲप्सच्या आकड्यांचा उपयोग एकाच कामाला: त्याच मॉडेलच्या इतर टॅबशी ताडून बघायला. तुमचा आकडा पाचव्या हिश्श्याने खाली असेल तर टॅब गरम असताना चाचणी झाली, किंवा पॉवर सेव्हिंग चालू राहिलं, असं समजा. दोन्ही दुरुस्त करूनही खालीच आला तर सर्व्हिस सेंटर गाठा.

पीडीएफ: विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात मोठी कसोटी

अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींचा टॅब नव्वद टक्के वेळ पीडीएफच दाखवतो. म्हणून इथे थोडं बारकाईने.

सगळ्या पीडीएफ सारख्या नसतात. ई-बालभारतीची किंवा मुक्त विद्यापीठाची, मुळात संगणकावर जुळवलेली पुस्तकं मजकुराच्या रूपात असतात. ती स्वस्तातल्या टॅबवरही झरझर चालतात. जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे प्रत्येक पानाला एक चित्र, आणि त्यातली काही जेपीईजी २००० पद्धतीने दाबलेली असतात. इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवलेल्या मराठी पुस्तकांत हे नेहमी दिसतं. ते चित्र उलगडायला प्रोसेसरला फार कष्ट पडतात. फाइल ३० एमबीचीच असते, तरी पान उलटल्यावर दोन-तीन सेकंद कोरं राहतं. टॅब बिघडला म्हणून घाबरू नका. तीच फाइल संगणकावर 'प्रिंट टू पीडीएफ' करून नव्याने जतन केली, तर आकार वाढतो पण पान लगेच येतं.

कसोटी अशी घ्या. तुमच्या रोजच्या वापरातली सगळ्यात अवजड फाइल निवडा. तिच्यात एकदम दोनशेव्या पानावर उडी मारा, झूम करा, पेनाने दोन ओळी अधोरेखित करा, मग ॲप बंद करून पुन्हा उघडा. अधोरेखन टिकलं का, आणि ॲपने तुम्हाला त्याच पानावर आणून सोडलं का? एका ॲपमध्ये अडखळलं तर दुसऱ्यात बघा. अडोबी, झोडो आणि गूगल ड्राइव्हमधला वाचक यांच्या वेगात खूप फरक असतो.

दुसरी मराठी डोकेदुखी म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमधल्या वर्ड फाइल. क्लासच्या नोट्स, संस्थांची परिपत्रकं अजूनही त्यात येतात, आणि टॅबवर त्यांचा नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नुसतं दुसरं वाचायचं ॲप टाकून हे बहुधा सुटत नाही. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा.

हाताने लिहायचं असेल तर स्क्रीनवर तळहात टेकवून लिहून बघा. टॅबसोबत चालणारं सक्रिय पेन असेल तर तळहाताकडे टॅब दुर्लक्ष करतो. रबरी टोकाच्या साध्या पेनाला ते जमत नाही, प्रत्येक ओळीला तळहाताचाही डाग उमटतो. जीबोर्डमध्ये मराठी हस्तलेखनाचा कीबोर्ड आहे, तो जोडाक्षरंही बऱ्यापैकी ओळखतो. लांबलचक टाइप करायचं असेल तर मात्र बोलून टाइप करणं सोपं.

सिनेमा धूसर का दिसतो

यूट्यूब स्वच्छ आणि नेटफ्लिक्स धूसर दिसत असेल, तर वायडवाइनचा, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या गूगलच्या यंत्रणेचा, दर्जा बघा. नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंग्जमध्ये प्लेबॅकची माहिती असते. तिथे 'एल१' असेल तर एचडी मिळतं, 'एल३' असेल तर चित्र ४८० पिक्सेलवर अडतं, मग पॅनेल कितीही भारी असो. कंपनीच्या जाहिरातीत एल१ लिहिलेलं असूनही तुमच्या टॅबवर एल३ दिसत असेल, तर आधी सिस्टिम अपडेट करून रीस्टार्ट करा. तरीही तसंच राहिलं तर बदलून मागायला हे पक्कं कारण आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्याआधी स्वतःचा प्लॅन मात्र तपासा. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टॅबवर चालतो, पण तो मुळातच ४८० पिक्सेलचा आहे.

व्हिडिओ अडखळत असेल तर यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' सुरू करा आणि व्हिडिओ चालू असताना त्याच्या मेनूतून ते उघडा. किती फ्रेम गळाल्या ते तिथे दिसतं. पाच मिनिटांत हजारोंपैकी दहा-वीस गळणं काहीच नाही. शेकड्यांनी गळत असतील तर दर्जा एक पायरी खाली आणा. १०-११ इंचांवर ७२० आणि १०८० मधला फरक हातभर अंतरावरून जेमतेम कळतो.

पंचवटी एक्स्प्रेसने ये-जा करणाऱ्यांसाठी: इगतपुरी-कसाऱ्याच्या बोगद्यांत नेटवर्क जाणारच. उतरवलेलं सगळं आदल्या रात्री विमान मोड लावून एकदा चालवून बघा. 'डाउनलोड झालं' अशी खूण असूनही परवान्याची मुदत संपल्यामुळे न चालणारे व्हिडिओ तेव्हाच सापडतात.

टॅबवर रुसणारी ॲप्स

यूपीआयची ॲप्स सिमवरून एसएमएस पाठवून नंबर पडताळतात, म्हणून फक्त वाय-फायच्या टॅबवर ती चालत नाहीत. उगाच प्रयत्न करत बसू नका. व्हॉट्सॲप टॅबवर 'जोडलेलं डिव्हाइस' म्हणून चालवा. एका खात्याला फोनव्यतिरिक्त चार डिव्हाइस जोडता येतात. फोन दोन आठवडे वापरला नाही तर ती आपोआप तुटतात.

बरीच बँकांची आणि सरकारी ॲप्स उभीच उघडतात. टॅब आडवा धरला की मध्ये अरुंद पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळं. हा टॅबचा दोष नाही, ॲप बनवणाऱ्यांनी फक्त फोनचा विचार केलेला असतो. डेव्हलपर पर्यायांत 'ॲक्टिव्हिटींचा आकार बदलण्याची सक्ती करा' असा एक पर्याय आहे. त्याने काही ॲप्स स्प्लिट स्क्रीनमध्ये तरी येतात.

छोट्या, आठ-पावणेनऊ इंची टॅबमध्ये एक गंमत होते. आई-वडिलांसाठी घेतलेल्या टॅबवर अक्षरं दिसावीत म्हणून 'डिस्प्ले आकार' वाढवला जातो, आणि एकाएकी जीमेलचे दोन रकाने जाऊन सगळं फोनसारखं दिसायला लागतं. कारण असं की स्क्रीनची कमीत कमी रुंदी ६०० डीपीच्या (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं एकक) खाली गेली की बरीच ॲप्स त्याला फोन समजतात. डेव्हलपर पर्यायांत 'सर्वात कमी रुंदी' नावाचा आकडा असतो. तो ६०० च्या वर ठेवा आणि अक्षरं मोठी करायला 'फॉण्ट आकार' वापरा. दोन्ही वेगळे पर्याय आहेत.

नकाशा वापरणार असाल तर जीपीएस आहे का ते बघा. वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये नसतं, काही अँड्रॉइडमध्येही नसतं. घराबाहेर, वाय-फाय बंद करून, आधी उतरवलेल्या ऑफलाइन नकाशावर निळा ठिपका तुमच्या जागी येतो का, एवढं पुरे.

द्राक्षबागेत टॅब वापरायचा असेल तर एक गोष्ट आधीच मान्य करा. साडेतीनशे-चारशे निट्सची (निट्स म्हणजे उजेडाचं माप) स्क्रीन दुपारच्या उन्हात वाचता येत नाही, आणि कुठलीही मॅट फिल्म लावून तो उजेड वाढत नाही. सावलीत बसून फवारणीचं वेळापत्रक बघण्यापुरताच तो कामाचा.

बॅटरी, चार्जर आणि उन्हाळा

बॅटरीचा हिशेब चौथ्या दिवसापासून धरा. रात्री झोपताना किती टक्के आणि सकाळी किती, हे दोन-तीन रात्री लिहा. वाय-फायच्या टॅबचे दोन-तीन टक्के जाणं योग्य. आठ-दहा टक्के जात असतील तर बॅटरीच्या वापराच्या यादीत कुठलं ॲप वर आहे ते बघून त्याला आवरा. यादीत काहीच सापडत नसेल तर एक रात्र विमान मोडवर ठेवा. तरीही तेवढीच घट झाली तर बॅटरी किंवा बोर्ड संशयास्पद.

चार्जिंगच्या वेळेचा अंदाज आधीच काढता येतो. ८००० एमएएच म्हणजे साधारण ३१ वॉट-तास. खोक्यात १० वॉटचा चार्जर आला असेल तर होणारी घट आणि शेवटची मंद गती धरून चारएक तास लागणारच. टॅब १८ वॉट घेत असेल तर वेगळा चार्जर घ्या, पण टॅबला चालणारी जलद चार्जिंगची पद्धत आणि चार्जरची पद्धत एक आहे ना ते वाचून. ६७ वॉटचा फोनचा चार्जर लावला म्हणून टॅब तेवढे वॉट घेत नाही.

एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी टॅब चार्ज होत नाही, मध्येच थांबतो, अशी ओरड होते. बॅटरी तापली की टॅब स्वतःहून चार्जिंग कमी करतो किंवा तोडतो. ते संरक्षण आहे. कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा, चार्जिंग पहाटे करा. कामगिरीची चाचणीही गार वेळी घ्या. 'सीपीयू थ्रॉटलिंग टेस्ट' ॲप पंधरा मिनिटं चालवलं की वेग किती घसरतो त्याचा आलेख मिळतो. ८० टक्क्यांच्या आसपास स्थिरावला तर ठीक. पाच मिनिटांतच निम्म्यावर आला तर गेम आणि लांबलचक व्हिडिओ कॉल विसरा.

परत द्यायचा ठरला तर

दोष व्हिडिओत टिपा, स्क्रीनशॉट दुसरीकडे जतन करा आणि तक्रार मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका. तक्रारीचा नंबर लेखी घ्या. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करता येते.

टॅब हातातून सोडण्याआधी क्रम पाळा: आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढायचं, मग सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केला तर टॅब पुन्हा सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो, आणि सर्व्हिस सेंटर किंवा ऑनलाइन कंपनीचा माणूस तो कुलूपबंद टॅब घ्यायला नकार देतो. आयपॅडमध्ये हेच काम 'फाइंड माय' बंद करून होतं. मेमरी कार्ड आणि सिम काढून घ्या. खोक्यातली सिम काढायची पिन, केबल आणि चार्जर परत खोक्यात गेलेत का ते मोजा. यातलं काही कमी निघालं तर परत येणाऱ्या पैशांतून ते वजा होऊ शकतं.